मुरलेला ट्रॅक्टर

तुम्ही कधी लोखंड चाटून पाहिलं आहे का? हसू नका, मी गंभीरपणे विचारते आहे. जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलेला माणूस टायर दाबून बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, धुराचा रंग पाहतो, कागदपत्रं उलटून पालटून वाचतो. माझ्या मायनं यातलं काहीच केलं नाही. तिनं लोखंडावर बोट फिरवलं, ते जिभेला लावलं, आणि आमच्या अख्ख्या मच्छीमार संस्थेनं एका कागदावर घेतलेला निर्णय त्या एका बोटानं पुसून टाकला. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि तो कागद माझ्याच हातचा होता. पस्तिशी न गाठलेल्या बाईनं आठवणी लिहायला बसणं माझ्या मैत्रिणींना विनोदी वाटतं. वाटू दे. काही गोष्टी म्हातारपणापर्यंत ठेवल्या की त्या गोड होऊन जातात, आणि ही गोष्ट मला गोड होऊ द्यायची नाही.

आमचं घर सिंदेवाहीहून पुढं, जंगल ओलांडून तलावाच्या काठावर. तलाव म्हणायचं म्हणून म्हणायचं. तो धरणाचा जलाशय आहे, आणि पावसाळ्यात पलीकडचा काठ दिसत नाही. आम्ही ढिवर. पाण्यावर जगणारी माणसं. घर कवेलूच्या छपराचं, दोन खोल्यांचं, आणि मागच्या खोलीची भिंत नुसत्या बांबूच्या तट्ट्याची. त्या तट्ट्याच्या फटींतून हिवाळ्यात वारा आत यायचा, म्हणून बाबांनी आतून सगळीकडे पत्रकं चिकटवलेली. गुलाबी, पिवळी, हिरवी. चंद्रपूर असो की गडचिरोली, मोर्चा असो की सभा, बाबा जातील तिथून पत्रकांची चळत घेऊन यायचे. वाचून झालं की भाताच्या पेजेनं भिंतीवर. मी अक्षरं शाळेत नाही, त्या भिंतीवर शिकले. मला वाचता आलेला पहिला शब्द ‘जाहीर’. दुसरा ‘धिक्कार’. माझं नाव बाबांनी क्रांती ठेवलं होतं. गावाच्या तोंडात त्याचं ‘करांती’ झालं. मी शेळ्यांना हाकलतानासुद्धा ‘बंधुभगिनींनो’ म्हणते, अशी गावात थट्टा व्हायची.

त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मायचं राज्य होतं. तिला वाचता येत नव्हतं. तिच्याकडे एक काळं मडकं होतं, जाड्या मिठाचं, आणि बांबूच्या चार चटया. बाबा आणि बाकीचे लोक जे मासे आणत, त्यातले मोठे व्यापाऱ्याच्या बर्फाच्या पेटीत जायचे. उरलेले माय चिरायची, मीठ लावायची, दाबून ठेवायची आणि मग वाळवायची. पहाटे डोळा उघडायचा तो पाट्यावर जाडं मीठ भरडण्याच्या आवाजानं, खरड खरड, आणि त्यात अधूनमधून जाळ्याचे शिशाचे मणी अंगणात ओढत नेल्याचा आवाज. सकाळी रात्रीचा भात, अंबाडीची भाजी, नशीब असेल तर निखाऱ्यावर भाजलेली खारी मासोळी. त्या मासोळीचा काटासुद्धा चघळायला चांगला लागायचा, कारण मीठ काट्यापर्यंत गेलेलं असायचं. यालाच माय ‘मुरणं’ म्हणायची. तो तिच्या कामातला सगळ्यात मोठा शब्द होता. मासा उचलून, वाकवून, वास घेऊन ती सांगायची, “नाई मुरला अजून.” किंवा, “मुरला. आता सात पान्यानं धुतला तरी मीठ निघत नाई त्याचं.”

मिठाबद्दल तिला आणखीही बरंच माहीत होतं, पण ते सगळं आम्हाला तिची चिडचिड वाटायची. मडक्याच्या वर तिनं पळी अडकवायला ठोकलेला खिळा दरवर्षी गळून पडायचा. बाबांनी एकदा मोठ्या हौसेनं मीठ ठेवायला कडी-कोयंड्याचा पत्र्याचा डबा आणला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याच्या तळाला बोट घालता येईल एवढी भोकं. “लोखंडात बी मीठ मुरते,” माय म्हणाली होती, आणि बाबा पत्रक वाचत “हं” म्हणाले होते. आभाळ भरून आलं की मडक्यातलं मीठ ओलं व्हायचं. माय हात घालून बघायची आणि ओरडायची, “करांते, मिठाले घाम आला! चटया आत घे!” बाहेर लख्ख ऊन असलं तरी मी चटया आत घ्यायची, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी पाऊस पडायचा. याचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही. घरात रोज घडणाऱ्या गोष्टीचं कोण आश्चर्य करतं?

आता ट्रॅक्टर कशाला हवा होता ते सांगते. पूर्वी आमच्याकडे लाकडाचे डोंगे होते, दोन माणसांनी उचलावेत असे. मग एका योजनेतून संस्थेला फायबरच्या बोटी मिळाल्या. बोटी उत्तम होत्या, पण उन्हाळ्यात तलाव आटत जातो, पाणी गावापासून लांब लांब सरकतं आणि मधे उरतो नुसता उतार आणि चिखल. बोट काठावर सोडून यावं तर संध्याकाळचं वादळ ती आपटून फोडतं. म्हणून रोज सकाळी बोट खाली न्यायची आणि रोज दुपारी वर आणायची. दहा दहा माणसं खांदा द्यायची. आणि आमच्या संस्थेचा नियम होता, कुठं लिहिलेला नव्हता पण लिहिलेल्यापेक्षा पक्का: बोटीला खांदा देईल त्यालाच धरलेल्या मासोळीतला वाटा. आजारी असो, म्हातारा असो, खांदा नाही तर वाटा नाही. बायका खांदा देत नसत, म्हणून बायकांचा वाटा नव्हता, म्हणून त्या सभासदही नव्हत्या. हे तेव्हा मला सूर्य उगवण्याइतकं सरळ वाटायचं. मी, जिनं भिंतीवर रोज ‘समान हक्क’ वाचला.

त्या वर्षी बाबांचा मणका सरकला. चिखलात पाय घसरला आणि बोटीचा भार एकट्या त्यांच्यावर आला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि स्वच्छ सांगितलं, पुन्हा असं वजन उचललं तर पाय जातील. बाबा महिनाभर पडून राहिले आणि मग एका सकाळी कमरेला मायचं जुनं लुगडं घट्ट बांधून पुन्हा खांदा द्यायला गेले. मायनं दारात अडवलं.

“काऊन जाता जी?”

“वाटा जाते ना वं.”

“पाय गेल्यावर वाटा काय टाचेले लावता?”

पण ते गेले. संध्याकाळी आले तेव्हा त्यांना चप्पल काढायला वाकता येत नव्हतं. मायनं काढली. त्या दिवशी तिनं मीठ इतकं भरडलं की त्याचं पीठ झालं.

म्हणून संस्थेच्या सभेत जेव्हा जुना ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात तो ट्रॅक्टर नव्हताच, तो बाबांचे दोन पाय होता. ट्रॉलीवर बोट चढवायची, ट्रॅक्टर उलटा पाण्यात घालायचा, बोट आपोआप तरंगून सुटते. खांद्याचं कामच संपतं. संस्थेकडे जे पैसे साठले होते त्यात जुनाच येणार होता, आणि एकदाच येणार होता. चुकीचा आला तर पुन्हा खांदा, आणि बाबा तो देणार हे मला माहीत होतं.

हिवाळ्याच्या शेवटी आम्ही चौघं रेल्वेनं वडशाला निघालो. बाबा, संस्थेचे अध्यक्ष हरबाजीभाऊ, ज्यांनी तरुणपणी भातगिरणीचा ट्रॅक्टर चालवला होता आणि म्हणून गावातले यंत्रांचे एकमेव जाणकार होते, मी, कागद वाचायला आणि ठराव लिहायला, काखेत संस्थेचं रजिस्टर घेऊन, आणि माय. माय ट्रॅक्टरसाठी आलेली नव्हतीच. वडशाच्या बाजारात खारी मासोळी विकायला टोपली घेऊन निघाली होती, आणि आमचे डबेही तिच्याच टोपलीत होते. दोन दिवसांपासून आभाळ भरून होतं, हवेत ओल होती. स्टेशनबाहेर ती म्हणाली, “तुमी पाहा तुमचा टॅक्टर. मी बाजारात जातो.” आणि गेली.

वडशाला तेव्हा नाटकांचा हंगाम संपत आलेला. जुन्या ट्रॅक्टरच्या वखारीची भिंतसुद्धा नाटकांच्या रंगीत पोस्टरांनी भरलेली, आणि वखारीचा शेठ त्या पोस्टरांतून उतरल्यासारखाच बोलायचा, हात हवेत फेकून. पत्र्याच्या लांब शेडखाली सात-आठ ट्रॅक्टर उभे होते. बहुतेक भाताच्या बांध्यांत राबलेले, चिखल सुकून पांढरा झालेले. एकाला तर बोनेटच नव्हतं; इंजिन उघडं, सीटच्या जागी पोतं बांधलेलं. हरबाजीभाऊ त्याच्यापाशी थांबले तर मी त्यांचा हात धरून पुढं नेलं. मला लाज वाटली त्या ट्रॅक्टरची. कारण शेडच्या टोकाला तो उभा होता. लाल. नवीन रंगाचा, काळ्याभोर टायरांचा, आणि बोनेटवर पिवळ्या अक्षरांत, खाली लाटा काढून, लिहिलेलं: दर्याराजा.

“बोटी ओढायच्या म्हणता ना भाऊ?” शेठ म्हणाला. “तो ये देखो. हा पैदाच बोटीसाठी झाला. कोकणातून आला. समुद्रात बोटी उतरवल्या यानं, समुद्रात! तुमचा तलाव म्हणजे याच्यासाठी आंघोळीची बादली.” त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. हाच ट्रॅक्टर, पण रंग उडालेला, चाकं अर्धी पाण्यात, पाठीमागे मोठी बोट आणि बोटीच्या मागे... बोटीच्या मागे काहीच नाही. नुसतं पाणी, आणि पाण्याला चिकटलेलं आभाळ.

आमच्यातल्या कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. हरबाजीभाऊंनी मोबाईल दोन्ही हातांत घेतला, देवाचा अंगारा घ्यावा तसा. “याचा पल्याडचा काठ कुठी हाये?” त्यांनी विचारलं. शेठ म्हणाला, “काठच नाई.” आम्ही तिघंही त्या मोबाईलवर वाकलो. पाण्यावर जन्मलेल्या माणसाला काठ नसलेलं पाणी दाखवा, तो काठ शोधतच राहतो. आणि मग तो लाल ट्रॅक्टर आम्हाला निराळाच दिसायला लागला. एवढ्या पाण्याला तोंड देऊन आलेला. त्याच्यापुढं आमच्या तलावाची काय कथा?

हरबाजीभाऊंनी त्यांना माहीत होतं ते सगळं तपासलं. इंजिन सुरू केलं, ते पहिल्या फटक्यात लागलं. तेलाची काडी काढून पाहिली. तेलात पाणी शिरलं तर ते ताकासारखं होतं, हे तेल काळं होतं. मागची लिफ्ट उचलली, तिच्यावर शेठच्या दोन माणसांना बसवलं, इंजिन बंद केलं, लिफ्ट खाली आली नाही. “गडी दमदार हाये,” ते म्हणाले.

“मुरलेला गडी आहे भाऊ,” शेठ म्हणाला. “समुद्रात मुरलेला!”

आणि मग मी भाषण केलं. आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. मी म्हणाले, हा ट्रॅक्टर समुद्रावरच्या कष्टकऱ्यांच्या हातून जंगलातल्या कष्टकऱ्यांच्या हातात येतो आहे, हे केवळ यंत्र नाही, हे आपलं नातं आहे. पत्रकातली वाक्यं, जशीच्या तशी. बाबांचे डोळे भरून आले. हरबाजीभाऊ म्हणाले, “लिव पोरी.” मी तिथंच एका टायरवर बसून रजिस्टरात ठराव लिहिला. ‘सर्वानुमते लाल ट्रॅक्टर खरेदी करण्याचे ठरले.’ ‘सर्वानुमते’ खाली दोन रेघा मारल्या. हरबाजीभाऊंची सही, बाबांची सही. बाबांनी पेन मला परत देताना कमरेवरून हात फिरवला, नकळत, जणू तिथलं दुखणं आत्ताच उतरलं होतं.

तेवढ्यात दाराशी थांबलेली माय आत आली. टोपली रिकामी, फक्त आमचे डबे आणि तिची सुरी त्यात. “जेवून घ्या,” म्हणाली आणि लाल ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसली. मी तिला म्हटलं, “माय, हा घेतला. समुद्रातला आहे.” तिनं मान वर करून पाहिलं. “लाल हाये,” ती म्हणाली. मग डबा उघडता उघडता तिनं मानेवर हात फिरवला. वर पाहिलं. तिच्या मानेवर थेंब पडला होता.

ती उठली. पाय ठेवायच्या पाटीच्या खाली वाकून पाहिलं. पलीकडच्या चाकाकडे गेली, त्याच्या आतल्या बाजूला हात घातला. मग एक एक करत बाजूच्या ट्रॅक्टरांच्या खाली हात लावून आली. डबे तसेच उघडे. शेठ हसून म्हणाला, “बाई, काही हरवलं का?”

“पाऊस नाई,” माय म्हणाली. “पत्रा गळत नाई. बाकी समदे टॅक्टर कोरडे ठक हायेत. याले एकट्याले काऊन घाम आला?”

“आँ?”

“घाम येऊन राह्यला याले.” आणि तिनं पाटीच्या खालून बोट फिरवलं, ओलं बोट जिभेला लावलं. डोळे मिटले. आमच्या घरात मडक्यातलं मीठ चाखताना मिटायची तसेच. मग शेठला शांतपणे म्हणाली, “तुमी मघाशी मुरलेला गडी म्हणाले, दारात आयकू आलं मले. खरं बोलले जी. मुरलेला हाये.”

“काय वं?” बाबा म्हणाले.

“मीठ हाये. काट्यापर्यंत मुरलं.”

शेठ हसला, पण त्याचे हात हवेत गेले नाहीत. “बाई, पूर्ण धुऊन, घासून, रंगवून आणलाय.”

“मी बी धुतो मासोळी. आतलं निघत नाई.” तिनं टोपलीतून मासे चिरायची सुरी काढली आणि चाकावरच्या पंख्याच्या, म्हणजे मडगार्डच्या, आतल्या बाजूला, जिथं रंग जाडजूड फुगलेला होता तिथं, टोक टेकवलं. जोर केला नाही. सुरी आत गेली. लोखंडात. पापडात जावी तशी. आणि बाहेरून, त्या चकचकीत लाल रंगातून, तिचं टोक आमच्या समोर आलं. तपकिरी पापुद्रे खाली सांडले.

माझ्या मांडीवर रजिस्टर उघडं होतं, शाई अजून ओली.

मग हरबाजीभाऊ पुढं आले, पाटीखाली बोट फिरवलं आणि चाटलं. त्यांचा चेहरा बदलला. बाबांनी चाटलं. मी चाटलं. आणि शेवटी, काय वाटलं कुणास ठाऊक, शेठनंही. तो एक क्षण मी सांगू शकत नाही नीट. आधी गंजाची चव, रक्तासारखी, आणि मग तिच्या मागून ते आलं. खारं. कडवट खारं, मायच्या मिठापेक्षा वेगळं. इतके डोंगर, इतकं जंगल ओलांडून, रंगाच्या दोन थरांखाली लपून समुद्र वडशाच्या त्या शेडमध्ये येऊन बसला होता, आणि आभाळ भरून येताच त्याला घाम फुटला होता. मी पुढं मुंबईला जाऊन खरा समुद्र पाहिला. मोठा होता. पण ज्या समुद्रापुढं मी लहान झाले तो हा, बोटाच्या पेराएवढा. आणि त्याला ओळखणारी बाई कधी नागपूरच्या पलीकडे गेली नव्हती.

मग हरबाजीभाऊ कामाला लागले. कुठं बघायचं ते आता त्यांना कळलं होतं. ब्रेकची झाकणं उघडायला लावली. आतले बोल्ट फुगून एकजीव झालेले. तारांची टोकं हिरवी. “हा आपल्या चिखलात अर्ध्यात बसला असता,” ते म्हणाले, “बोट घेऊन, ब्रेकबी लागले नसते. आन् खाली मानसं.” त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं. शेठ खरंच पांढरा पडला होता. त्यानंही तो घाऊक मालात उचलला होता. लोखंड ओळखणारा माणूस, पण मीठ त्याच्या बापजाद्यांनी जेवणापलीकडे पाहिलं नव्हतं. “बाई,” तो हात जोडून म्हणाला, “उद्यापासून इथं नोकरीला या.”

“जेवून घ्या आधी,” माय म्हणाली. “भात थंडा झाला.”

जेवणानंतर ती स्वतःच त्या बोनेट नसलेल्या ट्रॅक्टरपाशी गेली. खाली हात घातला, बोट चाखलं, थुंकली. “चिखल हाये. गोड्या पान्याचा.” एवढंच. बाकीचं हरबाजीभाऊंनी तासभर पाहिलं: मागच्या आसातून तेल गळतं का, लिफ्ट टिकते का, धुराची नळी वर आहे का म्हणजे पाण्यात घातला तरी तोंडात पाणी जायचं नाही. भाताच्या चिखलात वर्षानुवर्षं पोटापर्यंत बुडालेला तो ट्रॅक्टर आमच्याच जातकुळीचा होता, आणि मी त्याची लाज धरली होती. तोच घेतला.

उन्हाळा लागला. पहिल्या दिवशी अख्खं गाव उतारावर आलं. हरबाजीभाऊ सीटच्या पोत्यावर बसले. ट्रॉलीवर बोट. ट्रॅक्टर उलटा, फट फट करत, चिखल तुडवत खाली जायला लागला. पाणी चाकाला लागलं, चाक अर्धं बुडलं, आणि मग कुणी हात न लावता, कुणी ‘हेई’ न ओरडता, बोट ट्रॉलीवरून उठली. नुसती उठली. झोपेतून उठावं तशी, आणि डोलायला लागली. बाबा अंगावर गमछा टाकून काठावर. त्यांचा उजवा खांदा थोडा पुढं आलेला, वर्षांची सवय, भार घ्यायला तयार. भार आलाच नाही. ते त्या खांद्याकडे पाहत राहिले आणि मग हळूच दुसऱ्या हातानं त्यांनी तो खाली दाबला. त्या संध्याकाळी चप्पल त्यांनी स्वतः काढली. आज ते सत्तरीला आलेत, चालत तलावावर जातात, आणि वाटेत भेटेल त्याला राजकारण सांगतात.

माय उतारावर आली नव्हती. मी धावत घरी सांगायला गेले तर ती चटईवर मासोळ्या उलटत होती. “तरंगली?” तिनं विचारलं. “तरंगली,” मी म्हटलं. “चांगलं झालं,” म्हणाली आणि पुढची मासोळी उलटली.

आता ते सांगते ज्यासाठी हे प्रकरण लिहिलं. वडशाच्या शेडमध्ये मी तो पहिला ठराव खोडला आणि दुसरा लिहायला घेतला. मी लिहिणार होते की मायनं ओळखलं. हरबाजीभाऊ चांगला माणूस होता, तो वाईट बोलला नाही, सहज बोलला: “ठरावात सभासदाचंच नाव येते पोरी. वयनी सभासद नाई.” मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं. मी मायकडे वळले आणि विचारलं, “तुझं नाव लिहू का?” ती डबे टोपलीत भरत होती. हसली. “माह्या नावानं टॅक्टर चालते काय वं? लिव तुह्यं काय ते. गाडी सुटन.”

आणि मी, ‘धिक्कार’ वाचत वाढलेली मी, जिला भाषण करायला टायर पुरायचा, मी गप्प बसले. मी लिहिलं, ‘तपासणीअंती, सर्वानुमते.’ फक्त समासात, सगळ्यांची पाठ वळल्यावर, पेन्सिलीनं बारीक लिहिलं: सुमन. मायचं नाव. वाटलं, एवढं तरी केलं.

गेल्या वर्षी ते रजिस्टर मी पुन्हा मागून घेतलं. ट्रॅक्टरमुळं खांद्याचा नियम मोडला, त्यानंतर काही वर्षं भांडून बायका सभासद झाल्या, त्या भांडणात मी पुढं होते आणि पत्रकंही मीच लिहिली. पण ते पान उघडलं तर शाईनं लिहिलेलं ‘सर्वानुमते’ कालचं असावं तसं काळंभोर आहे. समासात काही नाही. बोटं लागून लागून पेन्सिल उडून गेली. मी कागद उजेडाला धरला, तिरपा केला. दाबानं उमटलेल्या रेघासुद्धा दिसल्या नाहीत. मायच्या हाताखाली जे मुरलं ते सात पाण्यांनी निघत नाही, आणि माझ्या हातून तिचं नावसुद्धा कागदात मुरलं नाही.

म्हणून हे वाचून संपवाल तेव्हा एक काम करा. तुमच्या संस्थेचं, गटाचं, पतपेढीचं, ग्रामसभेचं जे ठरावाचं रजिस्टर असेल ते मागून घ्या. एखादा निर्णय काढा, तुम्हाला ज्याचा अभिमान आहे असा. तो खरं म्हणजे कुणाच्या बोटानं झाला ते आठवा. तुम्हाला माहीत असतं. तिचं नाव तिथं नसेल तर पुढच्या सभेत उभे राहा, तो ठराव पुन्हा वाचा आणि तिच्या समोर तिचं पूर्ण नाव त्यात लिहा. गाडी सुटेल म्हणून ती घाई करेल. करू द्या. पेन्सिल खिशात ठेवा आणि शाईनं लिहा.